देवाच्या हातातील ओळंबा

शास्त्रपाठ : आमोस ७:७-१५, प्रेषितांची कृत्ये २४:२२-२७



गवंडी भिंत रचताना केवळ आपल्या डोळ्यांवर विसंबत नाही. चार थर चढले की तो ओळंबा सोडतो, आणि जी भिंत सरळ वाटत होती ती कोठे कलली आहे हे त्याला कळते. तकोवाचा मेंढपाळ आमोस याला दृष्टान्तात हेच दिसले. त्या काळी इस्राएलात सुबत्ता होती आणि सण थाटाने पाळले जात होते. वरवर पाहता भिंत सरळ होती. परंतु प्रभू हाती ओळंबा घेऊन तिच्यापाशी उभा होता. वेशीत न्यायाच्या जागी लाच चालत होती (५:१२), आणि धान्य विकताना माप लहान करून वजन जड केले जात होते (८:५).

तामसी, तलमडुगू, जैनद, बेला या कापूस पिकविणाऱ्या भागातील वाचकांना मापाचे महत्त्व सांगावयास नको. बाजारात गाडी उभी राहिली की वर्षभराच्या श्रमाचे मोल दोन गोष्टींवर ठरते : वजनकाटा आणि ओलावा मोजणारे यंत्र. सीसीआयच्या नियमाप्रमाणे आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण आधारभाव मिळतो, पुढे टक्क्याटक्क्याने कपात होते, आणि बारा टक्क्यांच्या वर खरेदीच नाही. माप खोटे ठरले तर शेतकरी कोणाकडे जाणार? म्हणून माप खरे असणे हीच दुर्बळाची पहिली ढाल आहे.

जगातील राष्ट्रांनीही स्वतःसाठी एक ओळंबा ठरविला आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९३ सभासद राष्ट्रांनी १७ ध्येये स्वीकारली आणि ती २०३० पर्यंत गाठण्याचे ठरविले. त्यांतील सोळावे ध्येय शांती, न्याय आणि जनतेला उत्तर देणाऱ्या संस्था यांविषयी आहे. शांती कशी मोजावयाची, असे आपण विचाराल. त्यांनी साधे प्रश्न नेमले. किती माणसांचे खून झाले? आपल्या वस्तीत एकट्याने चालताना किती जणांना निर्धास्त वाटते? सरकारी कामासाठी किती जणांना लाच द्यावी लागली? खटल्याचा निकाल न लागता किती जण तुरुंगात आहेत? किती बालकांच्या जन्माची नोंद झाली?

हे प्रश्न आपल्याला नवे वाटतात काय? मग कैसरियातील पौलाकडे पाहा. त्याच्यावरील आरोप सिद्ध झाला नव्हता. सुभेदार फेलिक्स त्याला वारंवार बोलावून त्याच्याशी बोलत असे, परंतु मनात पैशाची आशा धरून. दोन वर्षे गेली, फेलिक्स बदलला, आणि लोकांची मर्जी राखावी म्हणून त्याने पौलाला बंदिवासातच ठेवले. लाच आणि न संपणारा कच्चा तुरुंगवास या दोन्ही गोष्टी एका लहानशा उताऱ्यात लूकने लिहून ठेवल्या.

आज आपल्या देशात काय आहे? सरकारी आकड्यांप्रमाणे २०२२ च्या अखेरीस भारताच्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे चौघांतील तिघांचा निकाल लागलेला नव्हता. साऱ्या जगाचे प्रमाण पाहिले तर ते तिघांत एकाच्या जवळपास आहे. या आकड्याच्या आड कोणाची तरी आई जामिनासाठी हिंडत असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोठडीतील माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. एवढी माहिती एखाद्या घरी पोहोचविणे हीसुद्धा तुरुंगातील बंधूची भेट होय.

परंतु एक प्रश्न आणखी खोल जातो : मोजणारा कोण? आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्ली येथे २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कांसाठी जमलेल्या गोंड बांधवांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारने मृतांचा आकडा १३ सांगितला. नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी तो कितीतरी अधिक असल्याचे म्हटले. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी दोन्ही आकडे शेजारी शेजारी उभे आहेत. ज्या घरचा माणूस मोजलाच गेला नाही, त्या घराला शांती कशी लाभावी? काइनाने हाबेलाचा हिशेब नाकारला, तरी देवाने भूमीतून उठलेला आक्रोश ऐकला (उत्पत्ती ४). मनुष्याच्या यादीतून सुटलेले नाव देवाच्या यादीतून सुटत नाही. म्हणूनच खरी मोजणी मागणे हे बंड नव्हे, ते विश्वासाचे काम आहे.

हिशेब लोकांपुढे मांडता येतो, याचेही उदाहरण याच भूमीत आहे. रोजगार हमीचा केंद्रीय कायदा २००६ मध्ये लागू झाला, तेव्हा पहिल्या २०० जिल्ह्यांत आदिलाबाद होता. त्या कायद्यात ग्रामसभेने कामांची तपासणी करावी असे कलम होते. तेव्हाच्या आंध्र प्रदेशाने ते मनावर घेतले. मजुरांच्याच घरातील शिकलेली मुले हजेरीपट घेऊन दारोदार गेली, प्रत्येकाला किती दिवस काम केले व किती पैसे मिळाले हे विचारले, आणि मग मंडलाच्या जनसुनावणीत सर्वांदेखत ते वाचले गेले. उघडकीस आलेल्या रकमेतील फार थोडी वसूल झाली, हेही खरे. आणि त्या कायद्याच्या जागी २०२५ च्या अखेरीस संसदेने दुसरा कायदा केला. परंतु ज्या मजुराने एकदा आपले नाव हजेरीपटावर स्वतः ऐकले, तो पुढे गप्प बसत नाही. यरुशलेमेतील मंडळीतही रोजच्या वाटपात काही विधवांची उपेक्षा झाली, तेव्हा प्रेषितांनी तक्रार दडपली नाही. चांगल्या नावाची सात माणसे निवडून घेतली (प्रेषितांची कृत्ये ६).

आता ओळंबा आपल्याकडे वळवू या. आमोसाच्या शब्दांवर प्रथम कोण चिडला? बेथेलचा याजक अमस्या! हे राजाचे पवित्रस्थान आहे, येथे बोलू नकोस, असे तो म्हणाला. मापाचा राग उपासनास्थानातूनच आला, हे आपण विसरू नये. आपल्या मंडळीचा जमाखर्च वार्षिक सभेत पूर्ण वाचला जातो काय? प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला आपण फुटीर ठरवितो काय? पौलाने गरिबांसाठी वर्गणी नेताना सोबत दुसरे बंधू घेतले, कारण देवासमोर आणि माणसांसमोरही व्यवहार स्वच्छ दिसावा अशी त्याची इच्छा होती (२ करिंथ ८:१८-२१). प्रेषिताला साक्षीदार हवे होते, तर आपल्या खजिनदारालाही हवेत.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी एक काम सुचवितो. युनिसेफच्या २०२४ मधील अहवालाप्रमाणे जगातील पाच वर्षांखालील सुमारे १५ कोटी मुलांच्या जन्माची नोंद नाही. आपल्या वर्गातील प्रत्येक मुलाचा जन्मदाखला आहे काय, हे घरोघर विचारा. बाप्तिस्म्याच्या वहीतील नोंद अमोल आहे, पण शाळेत आणि कचेरीत दाखलाच लागतो. जन्म झाल्यापासून २१ दिवसांत नोंद सोपी. उशीर झाला तरीही ती करता येते. कदाचित एखाद्या अडाणी बापाबरोबर तुम्हाला मंडल कचेरीपर्यंत जावे लागेल. ती वाट उपासनेचीच वाट समजा.

शेवटी हे ध्यानात ठेवा. ओळंबा भिंतीचा कल दाखवितो, तो भिंत सरळ करीत नाही. आकड्यांनी जगाचा दोष कळेल. त्यांनी हृदय पालटणार नाही. यशयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात देव आधी सियोनेत कोनशिला बसवितो आणि मगच न्यायाची दोरी लावतो. ती कोनशिला ख्रिस्त आहे. तिच्यावर उभे राहणाऱ्याला मापाची भीती नाही, कारण ज्याने आपल्याला क्षमा केली तोच आपल्याला मोजतो. मग शेजाऱ्याच्या न्यायासाठी, आणि आपल्याच हिशेबासाठी, आपण निर्भयपणे उभे राहू या.

प्रार्थना : हे न्यायी आणि दयाळू पित्या, ज्यांची मोजणी कोणी केली नाही त्यांची आठवण तू ठेवतोस. आमच्या गावांना, न्यायालयांना आणि मंडळ्यांना खरे माप दे, आणि सुरुवात आमच्यापासून कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.