डाव्या बाजूचे प्रवासी

१२ ऑक्टोबर १९७६ रोजी सांताक्रूझहून मद्रासकडे निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅराव्हेल विमानाचे एक इंजिन उड्डाणानंतर लगेच निकामी झाले. वैमानिक माघारी वळले. पण इंजिनातील चकती फुटून इंधनाच्या नळ्या तुटल्या होत्या. आग पसरली, विमान ताब्यात राहिले नाही आणि धावपट्टी गाठण्याआधीच कोसळले. ९५ जणांपैकी एकही वाचला नाही. धातू थकून चकतीला गेलेला तो तडा विमानातल्या कोणालाही दिसण्याजोगा नव्हता. न दिसणाऱ्या दोषाचा इशारा प्रवाशाने काय द्यावा?

पण दोष दिसत असेल तर?

८ जानेवारी १९८९ रोजी लंडनहून बेलफास्टला जाणाऱ्या ब्रिटिश मिडलंडच्या बोईंग विमानात डाव्या इंजिनाचे पाते तुटले. हादरे बसू लागले, धूर आला. वैमानिकांनी घाईने बंद केले ते उजवे, धडधाकट इंजिन. योगायोगाने हादरे कमी झाले आणि निर्णय बरोबर ठरल्यासारखा वाटला. कप्तानाने उजव्या इंजिनात बिघाड झाल्याचे प्रवाशांना सांगितले. डावीकडच्या कित्येकांनी तर आपल्याच बाजूला ज्वाळा पाहिल्या होत्या! विमानसेवकांपैकीही तिघांनी पाहिल्या होत्या. कोणी पुढे जाऊन सांगितले नाही. केगवर्थ गावाजवळ, धावपट्टी समोर असताना, विमान पडले. १२६ पैकी ४७ जण दगावले.

त्या प्रवाशांना दोषी म्हणण्यास आमचे मन धजत नाही. जाणत्याला आपल्याहून अधिक कळते, हा विश्वास एरव्ही सद्‌गुणच होय. शिवाय भयभीत माणसाला धीराचा शब्द हवा असतो. तो मिळाल्यावर खिडकीबाहेर पुन्हा कोण पाहतो?

संत थॉमस अक्वायनस यांनी इतरांकडून शिकण्याची तयारी हा सारासार विवेकाचाच एक भाग मानला असून उतावळेपणाला विवेकाविरुद्धचे पाप म्हटले आहे. तेव्हा ओझे प्रथम सुकाणू धरणाऱ्यावर येते. इंजिन बंद करण्यापूर्वी 'हेच ना?' असे दुसऱ्या वैमानिकाला विचारावे, हा विमानविद्येतला नियम याच जातीचा. त्यात अपमान कसला?

आमच्या अर्नाळ्याच्या बंदरात तांडेलाचा शब्द मोठा. तरीही इंजिनाचा आवाज बदलला की जवळचा खलाशी, वयाने कितीही लहान असो, ओरडून सांगतो. तांडेलाने रागवावे असे त्यात काही नसते. किनाऱ्यावर आल्यावर मात्र आपली रीत बदलते. थोरल्या भावाने जमिनीचा व्यवहार ठरवला, धाकट्या सुनेला कागदात खोट दिसली, तर ती कोणाजवळ बोलणार? धर्मग्रामाच्या सभांतही हिशेब वाचून होतो, 'कोणाला काही विचारायचे आहे का?' असे पुकारले जाते, आणि विचारू पाहणारा तोवर शेवटच्या प्रार्थनेसाठी उभा राहिलेला असतो.