खिदमतीचा हिशेब

आई-वडिलांची खिदमत आपण सवाबाचे काम मानतो. ते आहेच. पण हा सवाब नेमका कोणाच्या श्रमावर मिळतो, हे आपण सहसा विचारीत नाही.

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. भरवणे, धुणे-पुसणे, रात्रीची जाग हे निराळेच. मुलगा दुकानावर असतो. हे सारे करते सून आणि 'खिदमतगार' म्हणून नाव होते मुलाचे. वास्तविक सासू-सासऱ्यांची सेवा शरीअतने सुनेवर बंधनकारक केलेली नाही. ती जबाबदारी मुला-मुलींची आहे.

आमच्या पाथर्डी तालुक्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. म्हातारी माणसे मागे राहतात. शेजारीण त्यांना भाकरी देते, पाणी भरून ठेवते. तिला आपण 'भली बाई' म्हणतो आणि विसरतो. शहरात ब्युरोमार्फत बाई ठेवतात. बारा तासांची पाळी, वर पगारातून ब्युरोचे कमिशन. घासाघीस करताना 'हे पुण्याचे काम आहे' असे पुष्कळदा तिलाच सुनावले जाते. म्हणजे पुण्य तिच्या पदरी आणि पैसा आपल्या खिशात!

कोणी म्हणेल, मोबदला आला की मायेचा बाजार होतो. पण तलाक झालेल्या मातेने बाळाला दूध पाजले, तर बापाने तिला मोबदला द्यावा, अशी कुराणाचीच आज्ञा आहे. त्याने आईचे दूध स्वस्त झाले नाही.

वारसा आपण अपूर्णांकापर्यंत मोजतो. वारसांत सून नाही. तरी कर्ज आणि दफनखर्च वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वारस नसलेल्याच्या नावे वसीयत करता येते. सुनेसाठी किंवा सांभाळणाऱ्या बाईसाठी ती करणारे आपल्यात किती?

ज्यांच्याकडे वाटायला काहीच नाही, त्यांचे काय? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलांकडून पोटगी मागता येते. पण ऊसतोडीवर गेलेल्या मुलाने ती कोठून द्यावी? सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून 'आयुष्मान भारत'मध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, तेही दवाखान्यात दाखल झाल्यावर. घरी पडून असलेल्याच्या रोजच्या सांभाळाला त्यात जागा नाही. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये यासाठीच निराळा विमा सुरू केला. जपानात चाळिशीपासून प्रत्येक जण त्यात वर्गणी भरतो. एका घराला न पेलणारे ओझे तिथे सर्वांनी वाटून घेतले.

आपल्याकडे असे होईल तेव्हा होईल. तोवर भावंडांनी एकत्र बसून दोन गोष्टी तरी ठरवाव्यात: दरमहा कोण किती देणार आणि जी रात्री जागते तिला झोप कधी मिळणार. मुलीही वारस आहेत. त्यांनाही या बैठकीत बोलवावे. बाई ठेवली असेल तर तिची सुट्टी आणि पुरा पगार त्याच हिशेबात आधी धरावा. तो चुकवून मिळवलेला सवाब आपला कसा म्हणायचा?