भोंग्यावरची रेकॉर्ड, ट्रंकेतली कॅसेट

अमेरिकेत २०२२ साली विनाइल रेकॉर्डींनी खपात सीडीला मागे टाकलं. १९८७ नंतर असं पहिल्यांदाच घडलं. त्या वर्षी तिथे सुमारे ४ कोटी १० लाख रेकॉर्डी विकल्या गेल्या, सीडी ३ कोटी ३० लाख. घेणाऱ्यांत तरुण मंडळी मोठ्या संख्येनं होती. हे वारं आपल्याकडेही आलं आहे. पूर्वीची एचएमव्ही, आताची सारेगामा, जुने अल्बम पुन्हा रेकॉर्डवर काढू लागली. २०२४ मध्ये मुंबईत रेकॉर्डी दाबण्याचं काम नव्यानं सुरू झालं. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या मुलांपर्यंत हे सगळं पोचतं ते मोबाइलच्या पडद्यावरून. फिरणारी काळी तबकडी, तिच्यावर अलगद उतरणारी सुई आणि मग गाणं. त्यांना हे आवडतं, आणि ही आवड मला मनापासून महत्त्वाची वाटते. आपल्या जिल्ह्यातल्या मुलानं मात्र तिचं नेमकं काय करावं, याचं उत्तर मुंबई-पुण्याच्या मुलाहून वेगळं आहे.

आधी आवाजाचं बोलू. रेकॉर्डचा आवाज जास्त भरीव, जास्त खरा असतो, असं रेकॉर्डप्रेमी सांगतात. मला हे कारण तितकंसं पटत नाही. अगदी हळू आणि अगदी मोठा या दोन टोकांमधलं अंतर सीडीवर ९६ डेसिबलपर्यंत जातं. एलपीवर ते साधारण साठ-सत्तरच्या घरात राहतं. सुई मध्याकडे सरकत जाते तशी एका फेऱ्याची खाच आखूड होते. तेवढ्याच वेळाचं गाणं कमी लांबीत बसवावं लागतं आणि शेवटच्या गाण्याला आवाज किंचित फाटतो. २०२२ मध्येच मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीचं प्रकरण गाजलं. अस्सल अ‍ॅनालॉग म्हणून जाणकारांनी घेतलेल्या तिच्या कित्येक महागड्या रेकॉर्डी बनवताना मधे डिजिटल प्रत वापरली होती, आणि तालेवार कानांनाही ते वर्षानुवर्षं कळलं नव्हतं. शिवाय अमेरिकेतल्याच एका पाहणीनुसार रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांकडे ती वाजवायचं यंत्र असतं. बाकीचे ती भिंतीवर लावतात, कपाटात ठेवतात.

मग ही नुसती हौस आहे का? नाही. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची. गाणं ओलांडायचं तर जागेवरून उठावं लागतं, म्हणून माणूस सहसा उठत नाही, ऐकत राहतो. ज्या पिढीला कोणतंही गाणं कधीही, फुकट आणि अर्धवट मिळतं, तिला पूर्ण ऐकण्याची भूक लागणं मी समजू शकतो.

पण आपल्याकडे रेकॉर्ड अशी एकट्यानं, दार लावून फारशी कुणी ऐकली नाही. एचएमव्हीचा ‘फिएस्टा’ प्लेयर एखाद्या वकिलाच्या, डॉक्टरच्या, हेडमास्तरांच्या घरी असे. बाकी गावानं रेकॉर्ड ऐकली ती लग्नात, भोंग्यावर. मांडव पडायच्या आदल्या दिवशी रेकॉर्डवाला यायचा. बरोबर तबकड्यांची पेटी, आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर, मोटारीची बॅटरी आणि दोन भोंगे. पोरं झाडावर चढून भोंगा बांधायला एका पायावर तयार असत. गाणं सुरू झालं की मळ्यात काम करणाऱ्यालाही कळे, अमक्याच्या घरी हळद लागली. सुई एका जागी अडकून तोच शब्द पुन्हा पुन्हा यायला लागला, की रेकॉर्डवाला बोटानं तिला हलकेच पुढे ढकलायचा आणि भोवतीची पोरं हसायची. ‘शोले’ १९७५ साली आला आणि त्याच्या संवादांच्या रेकॉर्डी गावोगावच्या मांडवांत पोचल्या. ज्यांनी सिनेमा पाहिला नव्हता त्यांनाही गब्बर पाठ झाला.

याचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. भोंगा कुणाच्या दारात लागेल, वरात कोणत्या गल्लीतून वाजत जाईल आणि कुठे वाजंत्री बंद ठेवावी लागेल, हे गावात जातीनं ठरत असे. म्हणूनच १४ एप्रिलला वस्तीवर भोंगा लागे तेव्हा तो केवळ गाण्यासाठी नसे. वामनदादा कर्डकांचे शब्द, प्रल्हाद शिंदेंचा खडा आवाज साऱ्या गावाच्या कानांवर जात, ऐकायची इच्छा असो वा नसो. मराठवाड्यात ध्वनिमुद्रित आवाजाचा इतिहास लिहायचा झाला, तर त्याची सुरुवात मी दिवाणखान्यातून करणार नाही, इथून करीन.

आणि दुसऱ्याच्या रेकॉर्डवर ऐकलेलं गाणं काय करू शकतं, याचा दाखला आपल्या संगीतातच आहे. गदगचा लहानगा भीमसेन दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकत उभा राहायचा. १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, तसं गाणं शिकायचं म्हणून तो घरातून निघून गेला. ती रेकॉर्ड त्याच्या मालकीची नव्हती. रस्त्यावर ऐकू येत होती, एवढं पुरलं.

त्या जुन्या तबकडीत आपल्या रानाचाही अंश असतो. ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड लाखेची. लाखेचे किडे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या रसावर वाढतात, आणि जगभरच्या कारखान्यांना ही लाख मुख्यतः भारतातून जाई. फाल्गुनात औंढ्याच्या माळांवर फुलणारा पळस पाहताना मला हे हटकून आठवतं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात फ्रेड गेझबर्गनं गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हापासून आपल्या गवयांना तासाभराचा राग तेवढ्यात बसवावा लागला. पण तेवढ्यामुळेच तो राग आज आपल्याला ऐकता येतो.

आवाज टिकणं म्हणजे काय, याचा विचार करायला हिंगोली जिल्ह्याइतकी योग्य जागा दुसरी नसेल. नर्सी हे नामदेवांचं गाव. औंढ्याला त्यांनी देवळामागे कीर्तन केलं आणि देऊळच फिरलं, ही कथा इथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. नामदेवांचे शब्द साडेसहाशे-सातशे वर्षं टिकले. वारकऱ्यांच्या वह्यांत, लोकांच्या तोंडी आणि थेट पंजाबात, गुरू ग्रंथसाहिबातल्या ६१ पदांत. पण त्यांची चाल? त्यांचा आवाज जाड होता की बारीक, टाळाच्या कोणत्या ठेक्यावर ते शब्द ओढून धरत, यातलं काहीही आपल्याकडे नाही. आज नामदेवांचे अभंग म्हणून आपण जे ऐकतो, त्यातलं पुष्कळसं राम फाटकांच्या चालीतलं आणि भीमसेनांच्या गळ्यातलं, विसाव्या शतकातलं आहे. ते थोरच आहे. पण ज्या आवाजानं देऊळ फिरल्याची कथा सांगतात, तो कसा होता हे कुणालाही कधीच कळणार नाही.

मौखिक परंपरा सगळं जपते, यंत्राची गरज काय, असं म्हणणाऱ्यांना माझं हेच सांगणं असतं. परंपरा शब्द जपते. चाल बदलत नेते, आणि तिनं बदलत न्यावीच. पण अमुक गावच्या अमुक बाईचा गळा ती जपू शकत नाही.

तो गळा जपण्याची सोय खेड्यात आली ती कॅसेटनं. तोवर कुणाचं गाणं मुद्रित होणार हे मुंबई-कलकत्त्याच्या कंपन्या ठरवत. फिलिप्सनं १९६३ मध्ये कॅसेट काढली; ऐंशीच्या दशकात ती आपल्याकडे स्वस्त झाली आणि टेपरेकॉर्डर आखातातून, मुंबईतून, पगाराच्या फरकातून घरोघर आले. दोन बटणं एकदम दाबली की झालं. भजनी मंडळांनी एकादशीचा जागर भरून ठेवला. सप्ताहातली कीर्तनं, गोंधळ, तांड्यांवरच्या होळीच्या लेंग्या, भीमजयंतीचे जलसे, एखाद्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, हे सगळं कॅसेटवर गेलं. कुठल्याही कंपनीच्या यादीत त्याची नोंद नाही. बहुतेकांची प्रत एकच, आणि ती आज एखाद्या ट्रंकेत, पत्र्याखालच्या माळ्यावर पडलेली आहे.

विनाइलवर जीव जडलेल्या हिंगोलीच्या मुलामुलींना मला सांगायचं आहे ते हे: तुमच्या जिल्ह्यातलं सर्वांत मोलाचं अ‍ॅनालॉग परदेशातून मागवावं लागत नाही. परदेशी अल्बमच्या हजारो प्रती आहेत. या कॅसेटची दुसरी प्रत नाही.

हातात घेतली की तिची अवस्था कळते. खिडकीतून पाहिलं तर गुंडाळीच्या कडेला पांढरट बुरशी दिसते. तशीच वाजवली तर बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. कवच पाच स्क्रूंचं असेल तर उघडता येतं, चिकटवलेलं असेल तर जपून फोडावं लागतं. आत, टेप हेडला टेकते तिथे धातूच्या पातळ पट्टीवर नमद्याचा इवलासा तुकडा असतो. जुन्या कॅसेटमध्ये डिंक वाळून तोच पडलेला असतो. मग आवाज दूर गेल्यासारखा, दबका येतो आणि लोक समजतात, टेप गेली. टेप शाबूत असते. ती तशीच उचलून दुसऱ्या चांगल्या कवचात बसवायची. ९० मिनिटांच्या कॅसेटची टेप ६० वालीपेक्षा पातळ असते, ती ताणली जाऊ नये म्हणून हातानं सावकाश गुंडाळायची. आणि शेवटी डेकवरचा हेडजवळचा बारीक स्क्रू. ज्या यंत्रावर मुद्रण झालं, त्याचा हेड किंचित तिरपा असला, तर आपलाही तेवढाच तिरपा करावा लागतो. कान देऊन स्क्रू केसभर फिरवत राहिलं की एका जागी टाळांचा आवाज एकदम मोकळा होतो. पेटीमागे बुडालेले शब्द वर येतात. एलपीवर सुई ठेवण्यातला आनंद मी जाणतो. या आनंदापुढे मला तो उणा वाटतो.

अशी कामं मराठी माणसांनी केलेली आहेत. सुरेश चांदवणकरांनी मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या माध्यमातून १९९० पासून जुन्या तबकड्यांचे संग्राहक एकत्र आणले, नोंदी केल्या, गावोगाव त्या ऐकवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. पुढे त्यांतल्या हजारोंचं ध्वनिमुद्रण झालं आणि आज त्या ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यांनी बाईचं नाव, गाव, जात, सारं नोंदवलं. ओवी ‘लोकांची’ म्हणून सोडून दिली नाही.

हिंगोलीची महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत. मराठीचे विद्यार्थी लोकसाहित्यावर प्रकल्प लिहितात, बरेचदा पुस्तकांतून उतरवून. त्याऐवजी प्रत्येकानं आपल्या गावातली एक कॅसेट शोधावी, दुरुस्त करावी, संगणकावर उतरवावी आणि मूळ कॅसेट घरच्यांना परत द्यावी. त्यासाठी चालू स्थितीतला एक डेक, एक वायर आणि एक संगणक लागतो. एका महाविद्यालयाला हे जड नाही. गाणाऱ्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय मात्र काहीही इंटरनेटवर टाकू नये. ते त्यांच्या माणसाचं आहे.

आणि घाई टेपपेक्षा माणसांची आहे. कॅसेटवर बहुधा काहीच लिहिलेलं नसतं, फार तर ‘भजन’. कोण गातंय, पखवाज कुणाचा, मागे खोकणारा म्हातारा कोण, कोणत्या साली, कुणाच्या ओट्यावर, हे सांगू शकणारी माणसं आज ऐंशीच्या आसपास आहेत. टेप अजून काही वर्षं निघेल. कॅसेट दुरुस्त होण्याची वाट न पाहता पहिल्यांदा त्यांच्याकडे जावं, वही घेऊन.