सैनिकाच्या घराची काळजी

वसईचा किल्ला म्हटला की चिमाजी आप्पांचा पोर्तुगिजांवरचा विजय आठवतो. पण १७३७ मध्ये सुरू झालेली ती मोहीम मे १७३९ पर्यंत चालली. त्यात हल्ल्याचे दिवस थोडे, छावणीचे फार. पहारा, दाणावैरण, सुरुंग खणणे, जखमींची देखभाल आणि मनात गावाकडची शेती, म्हातारे आईवडील. सैनिकाचा जीव घरात गुंतलेला असतो. शेवटी शरण आलेल्या पोर्तुगिजांनाही बायकामुलांसह सुखरूप जाऊ दिले गेले.

आता सैनिकाला नियमित पगार आहे, निवृत्तिवेतन आहे, फोन आहे. मग काळजी कसली, असे कुणी म्हणेल. या सोयी मोलाच्या आहेतच. पण फोनवर आईच्या आजाराची बातमी कळते, तिला दवाखान्यात नेता येत नाही. शाळाप्रवेश, सातबारा, पावसात गळणारे छप्पर यांसाठी जवळचे माणूसच लागते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते, तरी रात्री दार ठोठावता येते ते शेजाऱ्याचेच. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनी निधी जरूर द्या; पण वसई-विरारमध्ये आपल्या गल्लीत, इमारतीत एखाद्या जवानाचे घर असेल, तर आजच तिथे जाऊन विचारपूस करा.