पट्टीचे दूध

तमिळनाडूत कुंभकोणमपासून सात-आठ किलोमीटरवर पट्टीश्वरम् आहे. तिथल्या धेनुपुरीश्वराच्या देवळातली दुर्गा प्रसिद्ध आहे, पण गावाला नाव मिळाले ते पट्टी या गाईवरून. कामधेनूची ही लेक. तिने इथल्या शिवलिंगावर आपल्या दुधाची धार धरली, अशी कथा सांगतात. दुसरी कथा सातव्या शतकातल्या ज्ञानसंबंधर या बालसंताची. तो रणरणत्या उन्हात देवळाकडे येत होता, तेव्हा शंकराने त्याच्या डोक्यावर मोत्यांचा मांडव धरवला आणि त्याचे येणे दिसावे म्हणून नंदीला बाजूला सरकायला सांगितले. आजही इथले नंदी सरळ रेषेत नाहीत.

मला ही दुसरी कथा जास्त जवळची वाटते. उन्हाने पोळलेल्या पोराला आत्ता काय हवे आहे, हे देवाने ओळखले आणि तेवढेच दिले.

कुंभकोणमच्या दुसऱ्या अंगाला तिरुनागेश्वरम् आहे. तिथे नागाशी जोडलेल्या राहूच्या मूर्तीवर दुधाचा अभिषेक करतात आणि अंगावरून उतरताना ते दूध निळे दिसते, अशी भक्तांची श्रद्धा आहे. पाषाणावर ओतलेल्या दुधाने कुणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते वाटी जिवंत सापापुढे नेली की. साप हा सरपटणारा प्राणी. त्याच्या जन्मात दूध कुठेच येत नाही आणि ते त्याला पचतही नाही. नागपंचमीआधी गारुडी त्याला कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवतो, म्हणून तो समोर येईल ते पितो. आपण म्हणतो, नागोबाने नैवेद्य घेतला. खरे तर ती तहान असते. त्यात फण्यावर हळदकुंकू. सापाला पापण्या नसतात, त्याने डोळे मिटायचे कसे?

पापणीच्या जागी त्याच्या डोळ्यावर काचेसारखा एक पारदर्शक खवला असतो. कात टाकायची वेळ जवळ आली की जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साचतो, डोळे दुधाळ निळे होतात, अंगाची चमक जाते. या दिवसांत त्याला धड दिसत नाही. तो आडोशाला जातो, खात नाही आणि डिवचले तर फटकन चावतो. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि थोड्या दिवसांनी तो ओठांची कड खडबडीत दगडावर घासून कातडी सोडवतो. पायमोजा उलटा काढावा तशी अख्खी कात निघते, डोळ्यांवरच्या त्या दोन काचांसकट.

शहरांतून हल्ली काचेच्या पेटीत परदेशी अजगर पाळणारी तरुण मुले आहेत. आपल्याकडचा कुठलाही साप पाळणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि अनेक परदेशी जातींची नोंद २०२४च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पण कागद पुरा झाला म्हणून जिवाची सोय होत नाही. पेटीत हवा कोरडी असली की कात तुकड्यातुकड्यांनी निघते. शेपटीच्या टोकाला राहिलेले कडे वाळून आवळते, रक्त थांबते आणि टोक काळे पडून झडते. डोळ्यावरची काच अडकली तर ती नखाने काढू पाहणारा माणूस सापाला आंधळा करू शकतो. अंग भिजेल एवढे पाण्याचे भांडे, ओलसर कापड घातलेला आडोसा आणि एखादा खरखरीत दगड, एवढ्यावर बहुतेक काम होते. तरीही अडले तर सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे. ओढून कात काढू नये.

खाण्याचेही तसेच. ‘जिवंत उंदीर सोडला, बघू काय होतंय’ हा खेळ मला पाहवत नाही. भूक नसलेल्या सापाला तो उंदीर रात्रीतून कुरतडतो. मेलेला, गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून कोमट करावा, तो सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा फार मोठा नसावा, आणि हाताने न देता लांब चिमट्याने द्यावा. खाल्ल्यावर निदान दोन दिवस त्याला उचलू नये, नाहीतर तो ओकून टाकतो. कात टाकण्याच्या दिवसांत तोंड फिरवले, तर फिरवू द्यावे.

याच तमिळनाडूत, चेन्नईजवळ वडनेम्मेली इथे, इरुळा लोकांची सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ पासून आहे. पूर्वी कातड्यांसाठी साप मारणारे हे लोक आता नाग, मण्यार, घोणस, फुरसे पकडून मातीच्या मडक्यात ठेवतात, काही आठवडे विष काढतात आणि जंगलात सोडून देतात. त्याच विषापासून सर्पदंशावरचे प्रतिविष बनते. सोडताना पोटाच्या खवल्यांवर खूण करतात, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा धरला जात नाही. पुढे काही वेळा कात टाकली की ती खूण मिटते. सापावर पोट असलेल्या माणसांनी सापाच्या कातेचा हिशोब धरून आपले काम थांबवायचे ठरवले, याला मी खरी नागपूजा मानतो.

नागपंचमीला दूध-लाह्या पाटावरच्या मातीच्या नागाला दाखवा. दारात गारुडी आला तर टोपलीत पैसे टाकू नका. महाराष्ट्रात असाल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.