ठराव आणि चूल

ठराव मंजूर व्हायला वेळ किती लागतो? मांडव भरलेला असतो. सूचक उठतो, अनुमोदक उठतो, टाळ्या पडतात. झालं. मी स्वतः असे कैक ठराव हात वर करून पास केलेत आणि घरी जाऊन झोपलोय.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. मेल्या ढोराचं मांस सोडा, उष्टं-शिळं मागणं सोडा, असं बाबासाहेबांनी सांगितलं. मग चवदार तळ्यावर ओंजळ भरली गेली. हे आपल्याला पाठ आहे. पण मांस सोडायचं म्हणजे नेमकं कुणी काय सोडायचं? ढोर ओढायचा पुरुष. वाटा घरी आणणारी, त्याच्या चान्या कापणारी, उन्हात वाळत घालणारी, पावसाळ्यासाठी मडक्यात राखून ठेवणारी बाईच. मांडवातला ठराव चुलीपाशी येऊन पोचल्याशिवाय खरा होत नव्हता.

माझी आजी मुठ्याची. मुठा खोऱ्यातला पाऊस ज्यानं बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको. खाचरात भात उभं, घरात दाणा नाही, असे ते श्रावण-भादव्याचे दिवस. आणि जनावरं मरायची तीही त्याच दिवसांत. महाड आमच्या डोंगरापलीकडं, खाली कोकणात. आजी काही महाडला गेली नव्हती. बाबासाहेबांचा शब्द तेवढा महारवाड्यात आला, तोही उशिरानं. ती सांगायची,

"चान्यांचं मडकं म्या फोडलं. तुजा आजा दोन दिस बोलला न्हाय. कुर्डूचा पाला शिजवायचा आन पोरांना घालायचा. बाबासायेब येक डाव बोललं. मला रोज सांजंला सोताला सांगावं लागायचं."

एकदा अभ्यास वर्गात मी हे सांगितलं तर एक मित्र म्हणाला, यात आजीचं काय? नेत्यानं सांगितलं, तिनं ऐकलं. इतिहास घडवला बाबासाहेबांनी.

मला हे पटत नाही. आदेश एकदा येतो, भूक रोज येते. आणि आजीवर पहारा कुणाचा होता? अंधारात चार तुकडे शिजवले असते तर महाडला कळणार होतं का कुणाला? कुणी बघत नसताना रोज संध्याकाळी जे पाळलं जातं, तो तिचा स्वतःचा निर्णय नव्हता म्हणायचं, तर मग आपला वर केलेला हात कसला निर्णय?

शिवाय बाया नुसत्या ऐकत बसल्या नाहीत. २० जुलै १९४२ ला नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली, हजारोंनी बाया आल्या. तिथं त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला. हिंदू कोड बिलावरून बाबासाहेबांनी राजीनामा दिला तो १९५१ ला. मधे नऊ वर्षं आहेत, मोजून बघा.

पण मला खरा टोचतो तो प्रश्न वेगळाच आहे. स्वाभिमान मोठ्यांचा, भूक पोरांची. आईनं हे करावं का? माझा बाप त्या पोरांतलाच एक. तो चोरून दुसऱ्या घरी जाऊन चान्या खाऊन आला. आजीनं त्याला चिंचेच्या फोकानं मारलं, आणि मग त्यालाच कुशीत घेऊन रात्रभर रडली. माझं केलेलं बरोबर होतं, असं ती मला कधी म्हणाली नाही. एवढंच म्हणायची, "तवा दुसरं काय सुचलं न्हाय." मी तिला वीरांगना वगैरे करायला निघालो की हे वाक्य आडवं येतं. आणि माझ्याकडं त्याला उत्तर नाही. ठरवणारे मांडवात होते, किंमत चुकवणारी चुलीपाशी होती, त्यातली काही तर दोन-चार वर्षांची होती. हे हिशेबात धरलं पाहिजे.

आपले अहवाल मात्र काय म्हणतात? "महिलांची उपस्थिती लक्षणीय होती." मीही हे वाक्य लिहिलंय, तेही बायकोनं केलेला चहा पीत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांना भेटल्या, त्यांना बोलतं केलं, तेव्हा १९८९ ला 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं. तोवर कितीजणी गेल्या होत्या.

माझी आजीही गेलीच. मडकं फोडलं ते साल कुठलं, हे मी तिला विचारलं नाही. तेव्हा मी मोर्चाच्या तयारीत होतो.