एंटरच्या आधी
वांद्रे (पूर्व)

प्रिय चिऊ,


आता कमांड टाइपच कराव्या लागत नाहीत, वरचा बाण दाबायचा की एंटर, असं तू परवा फोनवर मोठ्या आनंदाने सांगितलंस. राणी, त्या एंटरचीच मला काळजी लागून राहिलीय.

लहानपणी माझ्या मांडीवर बसून तू तो बाण दाबून धरायचीस आणि जुन्या ओळी भराभर पालटताना बघत बसायचीस. जुनी कमांड परत बोलावायची सोय १९७० च्या दशकाच्या अखेरीस बिल जॉयने बर्कलीत सी-शेलमध्ये आणली, तेव्हा बाणाने नव्हे, उद्गारचिन्हांनी. तुझ्या बॅशमध्येही ती आली. सुडो लिहायचं राहिलं, तर सुडो आणि पुढे दोन उद्गारचिन्हं, की मागची कमांड हजर! मीही रोज वापरते. वापरू नकोस असं नाही गं म्हणत. पण हिस्टरीत कमांड तेवढी राहते. ती देताना तू कुठल्या फोल्डरमध्ये होतीस, ते राहत नाही.

आमच्या बीकेसीतल्या ऑफिसात एका हुशार मुलाने कंट्रोल-आर दाबून हिस्टरीत आरएम, म्हणजे पुसायची कमांड, शोधली. आदल्या दिवशीची ओळ आली, त्याने एंटर मारला. आदल्या दिवशी तो टेम्पमध्ये होता, आज डेटाच्या फोल्डरमध्ये. तिथलंच सगळं पुसलं गेलं. रात्री उशिरापर्यंत आम्ही बॅकअप चढवत होतो. बिचारा जेवलाही नाही.

म्हणून सांगते, पुसायच्या कमांडमध्ये पाथ नेहमी पूर्ण लिही, पहिल्या स्लॅशपासून. मग ती कुठूनही परत बोलावलीस तरी त्याच जागी जाईल. मशीन मात्र तेच आहे ना, हे प्रॉम्प्टवर बघ. कंट्रोल-आरने ओळ सापडली की आधी उजवा बाण दाब, नीट वाच. नको असेल तर कंट्रोल-सी. बॅशआरसीत शॉप्ट -एस हिस्टव्हेरिफाय घाल, म्हणजे उद्गारचिन्हांमागची कमांड आधी दिसेल, दुसऱ्या एंटरला धावेल. आणि पासवर्ड कमांडच्या ओळीत लिहू नकोस बाळा. हिस्टरीच्या फाइलीत तो जसाच्या तसा पडून राहतो.

इकडे माउंट मेरीची जत्रा लागलीय, स्टेशनबाहेर रिक्षा मिळेना. आजीचा गुडघा आता बरा आहे. तुझ्यासाठी मेतकूट दळून ठेवलंय, तिकडे येणारं कुणी भेटलं की पाठवते. रात्री जागून सर्व्हरवर काम करू नकोस. दमलेली बोटं आधी बाणाकडेच जातात.

हिस्टव्हेरिफाय घातलंस की लगेच मेसेज कर.

तुझी,
आत्या